साठ शब्दांची सोयरीक

कॉलेजच्या रसायन विभागात तिला सगळे स्टोअरताई म्हणायचे. सुरुवातीला बाटलीताई म्हणत, कारण दिवसभर तिच्या हातात कुठली ना कुठली बाटली असायची. पण ही हाक एकदा भर रस्त्यात तिच्या नवऱ्याच्या कानावर गेली आणि तो, जो एरवी घराला आग लागली तरी आधी चपला शोधेल असा थंड माणूस, दुसऱ्याच दिवशी विभागात येऊन सांगून गेला की हे नाव बदला. तेव्हापासून स्टोअरताई.

स्टोअर म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. एकच खिडकी, तीही डोक्याच्या वर, आणि ऊन येऊ नये म्हणून तिच्या काचेला आतून रंग फासलेला. दोन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या, आणि मधून एका माणसाला सरळ आणि दोघांना तिरपं होऊन जाता येईल एवढी वाट. या वाटेवर ताईची बावीस वर्षं गेली होती. आली होती ती काचेची भांडी विसळायला. मग जुने स्टोअरकीपर निवृत्त झाले, जाताना तिच्या हातात किल्ली देऊन गेले आणि म्हणाले, "नवा माणूस येईपर्यंत सांभाळा." नवा माणूस काही आला नाही. ताईला कोणी नेमलं नाही, पण किल्लीही कोणी परत मागितली नाही.

शिक्षण आठवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, पण जोडून वाचायला घेतली की शब्दाच्या शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असायची. त्यात बाटल्यांवरचे शब्द असे लांबलचक, की लेबल वळसा घालून मागे जायचं. म्हणून ताईने आपली सोय आपणच केली होती. हवेतलं पाणी पिऊन ओलीगच्च होणारी ती रडकी. बूच काढल्याबरोबर उडून जाणारी ती पळपुटी. बोटाला लागली की आठवडाभर काळा डाग ठेवणारी ती काळतोंडी. आणि जिच्यापुढे भल्याभल्या प्राध्यापकांच्या डोळ्यांना धारा लागायच्या, ती नाकझोंबी. दरवर्षी मुलं बदलत गेली, नावं मात्र टिकली. पदवी घेऊन बाहेर पडलेली कितीतरी मुलं आजही कॅल्शियम क्लोराइड म्हटलं की डोकं खाजवत असतील, आणि रडकी म्हटलं की लगेच मान डोलावत असतील.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नव्या विभागप्रमुख मॅडम आल्या.

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर अशा गोष्टीत साहेबलोकांवर उगाच संशय जातो. त्या फक्त नेटक्या होत्या. पेनं एका रांगेत, कागद एका उंचीचे, आणि बोलताना एकही शब्द वाया नाही. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या स्टोअरच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोरच एक विद्यार्थिनी येऊन म्हणाली, "ताई, एक डबी रडकी द्या, आणि चमचाभर काळतोंडी."

"काय मागितलंस तू?" मॅडमनी विचारलं.

मुलगी ताईच्या आड सरकली. ताईनेच खुलासा केला, एकेक बरणी दाखवून, अगदी अभिमानाने. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दोन-चार झाकणं हाताने तपासली आणि म्हणाल्या, "झाकणं उत्तम आहेत. बरण्या स्वच्छ आहेत. पण ताई, उद्या तुम्ही रजेवर असलात तर मी काळतोंडी कुठे शोधू? आणि तुमच्या जागी आलेल्या माणसाने पळपुटीच्या शेजारी शेगडी पेटवली तर?"

"मी रजा घेत नाही," ताई म्हणाली. हे खरंच होतं, पण ते उत्तर नव्हतं, आणि हे तिलाही कळत होतं.

आठवड्याने पत्र आलं. स्टोअरची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला परिभाषेची परीक्षा द्यावी लागेल. साठ इंग्रजी शब्दांची यादी सोबत जोडली होती. त्यातले तीस विचारणार. प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत लिहायचा, त्याला एक गुण. उदाहरण द्यायचं, त्याला एक गुण. साठांपैकी छत्तीस मिळाले तर पास, मग रीतसर स्टोअरकीपर म्हणून नेमणूक. नाही मिळाले तर वसतिगृहाच्या चादरींच्या खोलीत बदली. मुदत सहा आठवडे.

चादरी मोजायला ताईची ना नव्हती. चादर कोणाला चावत नाही, डोळ्यात जात नाही, तिचं बूच उडत नाही. पण त्या रात्री जेवताना तिच्या मनात एकच विचार येत होता, की कोपऱ्यातल्या त्या जुन्या बरणीचं झाकण उलट बाजूने फिरतं, आणि हे जगात तिच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. तिला रडूच आलं. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडतात तेव्हा वाईट वाटतं, पण त्यांना निदान तोंड असतं. बरण्यांनी कोणाला सांगायचं?

पहिला आठवडा लेकीने शिकवलं. लेक विज्ञान शाखेला, त्यामुळे हुशारीत कमी नाही आणि धीरात फारशी पुढे नाही. तिने एक वही केली. एका बाजूला आपल्या लिपीत शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. ताई सकाळी घोकायची, दुपारी बसमध्ये घोकायची, संध्याकाळी भाजी निवडताना घोकायची, आणि लेकीने विचारलं की सगळी उत्तरं एकमेकांत मिसळायची. डेलिक्वेसंट विचारलं तर व्हिस्कसचा अर्थ, व्हिस्कस विचारलं तर भलतंच काहीतरी. सातव्या दिवशी लेकीने वही टेबलावर आपटली. "आई, तू नुसती पोपटपंची करतेस. असं काही डोक्यात राहत नसतं."

"मग कसं राहतं?" ताईने विचारलं.

खिडकीपाशी खुर्चीत बसून सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले, कान शाबूत आणि जीभ कानांहून शाबूत. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजीशी संबंध एवढाच, की औषधाच्या गोळीचं नाव त्या आपल्या पद्धतीने उच्चारत आणि औषधवाल्याला ते समजत असे.

"इकडे आण ती वही," त्या म्हणाल्या. "आणि मला आधी हे सांग, तुझ्या सासऱ्यांच्या चुलत आत्याचा मधला जावई काय करायचा?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाली.

"छत्र्या दुरुस्त करायचा. डाव्या हाताने जेवायचा. त्याला मी जन्मात एकदा पाहिलाय, एका लग्नात, तोही पाठमोरा. तरी मला पाठ आहे. का? कारण तो कोणाचा तरी कोणीतरी लागतो. मला अशी तीनशे माणसं पाठ आहेत, आणि तुला साठ शब्द जमत नाहीत. जमतील कसे? बिचारे कोणाचेच कोणी नाहीत. त्यांना आधी नात्यात आण. एकेकाची सोयरीक जुळवू, चल."

लेक हसली. ताईला हसू आलं नाही, कारण बुडत्या माणसाला हसायला सवड नसते. तिने वही उघडून पहिला शब्द वाचला. "इनर्ट. काहीही झालं तरी कशाशीही प्रक्रिया न करणारा."

सासूबाईंनी पापणीही लववली नाही. "थोरला."

थोरला म्हणजे त्यांचा मोठा मुलगा, ताईचे मोठे दीर. त्यांच्या अंगावर एकदा छताचा गिलावा पडला होता. त्यांनी वर्तमानपत्र झटकलं आणि पुढचं पान उघडलं. ताईला हा प्रसंग डोळ्यांसमोर दिसला, आणि इनर्ट हा शब्द तिच्या डोक्यात असा जाऊन बसला की आता हातोडी घेऊन काढला तरी निघाला नसता.

"डेलिक्वेसंट. हवेतला ओलावा शोषून शोषून शेवटी स्वतःच विरघळणारा."

"थोरली सून. अगं, परवा शेजारणीचं मांजर हरवलं, तर ही तिचं सांत्वन करायला गेली आणि शेवटी शेजारीणच हिला पाणी पाजत बसली."

मग काय विचारता. रोज संध्याकाळी सहा ते सात स्वयंपाकघरात स्थळं बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ताई भाजी चिरत शब्द सांगायची, अर्थ सांगायची, आणि सासूबाई डोळे मिटून सगळं खानदान चाळून काढायच्या. कधी लगेच जुळायचं, कधी वाद व्हायचा. व्हिस्कस, म्हणजे ओतायला घेतला तर सावकाश, जड जड वाहणारा, याला ताईनेच स्थळ सुचवलं, स्वतःचा नवरा. आतल्या खोलीतून आवाज आला, "मी ऐकतोय हं." तो माणूस प्रत्यक्ष दारात येऊन उभा राहिला तोवर आणखी दोन शब्दांचं जुळून गेलं होतं.

सुपरनेटंट म्हणजे गाळ तळाशी बसल्यावर वर उरणारा स्वच्छ द्रव. यावर सासूबाईंनी आपल्या चुलत दिरांचं नाव असं ताडकन घेतलं, की चाळीस वर्षं त्या याच शब्दाची वाट बघत होत्या असं वाटावं. "भांडण लावायचं यांनी, गाळात जायचं आम्ही, आणि वर पांढरेशुभ्र कपडे घालून हे!" इमिसिबल म्हणजे कितीही ढवळा, थोड्या वेळाने आपापल्या थरात जाऊन बसणारे दोन द्रव. ताई हा अर्थ वाचून जरा घुटमळली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी आणि तुझी आई. लिही. खरं आहे ते."

अँफोटेरिकला मात्र पंचाईत झाली. आम्लाशी अल्कलीसारखा वागणारा आणि अल्कलीशी आम्लासारखा, थोडक्यात समोर जे असेल त्याच्या उलट. दोघींच्याही डोळ्यांसमोर एकच माणूस आला, ताईची नणंद. पण नणंद पडली सासूबाईंची लेक.

"माझ्या लेकीला काही म्हणायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मी कुठे काय म्हटलं, आई?"

ताईने दोन गाजरं सोलली. मग सासूबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "तीच आहे. आपण गरम म्हणावं तर ती गार म्हणते, आणि गार म्हणावं तर घाम पुसते. लिही. पण वही कपाटात ठेव."

हळूहळू घराच्या तोंडी हे शब्द बसले. लेक तयार होऊन दारात उभी असायची आणि ओरडायची, "बाबा, आज फारच व्हिस्कस!" एकदा मोठे दीर येऊन दोन तास बसून गेले. त्या दोन तासांत तिघी त्यांच्यासमोर चार वेळा हसल्या, पण त्यांनी एकदाही विचारलं नाही की काय झालं. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बघ, शब्द अगदी मापाचा बसलाय."

चौथ्या आठवड्यात गाडी बेचाळिसाव्या शब्दापाशी आली. ताईने एक्केचाळिसावा संपवला आणि सरळ त्रेचाळिसावा घेतला.

"मधला कुठे गेला?" सासूबाईंनी विचारलं. वहीतलं अक्षर लांबून दिसत नसलं तरी शब्दांचे आकडे त्या मनात मोजत होत्या.

"तो झालाय, आई. मला येतो."

"सोयरीक कोणाशी?"

ताईने कांदा चिरायला घेतला. एवढ्यात लेक पाणी प्यायला आली, तिने वहीत डोकावलं आणि मोठ्याने वाचून टाकलं, "कॅटलिस्ट. स्वतः न बदलता दुसऱ्यांत झपाट्याने बदल घडवून आणणारा."

सासूबाईंनी डोळे मिटले. थोरला, थोरली, लेक, चुलत दीर, विहीणबाई, सगळ्यांवरून मन फिरवून आल्या. मग त्यांनी डोळे उघडले.

"म्हणजे मी."

"नाही हो आई..."

"दोन्ही भावांत कपाटावरून जुंपली होती, तेव्हा सुरुवात कोणी केली होती? मी. नंतर सगळे रडत होते तेव्हा चहा कोण पीत होतं? मी. म्हणून तू हा शब्द माझ्यापासून लपवलास." त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "आजपुरतं बास."

आजपुरतं कसलं, दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. परीक्षा बारा दिवसांवर आलेली आणि मास्तरच रुसलेले. ताई एकटी बसून घोकायला लागली, पण माणसं सापडेनात. तिने आपल्या मनाने एकदोन सोयरिकी जुळवून पाहिल्या, सकाळी उठेपर्यंत मोडलेल्या असायच्या. शेवटी लेकीनेच आजीचा रुसवा काढला. तिने आजीच्या खुर्चीशी बसून सांगितलं की आजी, कॅटलिस्ट ही वाईट गोष्ट नसते. तो नसेल तर चांगल्या गोष्टीही वर्षानुवर्षं होत नाहीत. शिवाय तो अगदी चिमूटभर लागतो, पुन्हा पुन्हा वापरता येतो, आणि पुष्कळदा बाकी सगळ्या मालापेक्षा महाग असतो.

"किती महाग?" सासूबाईंनी विचारलं.

"प्लॅटिनम असलं तर सोन्यासारखं कुलपात ठेवतात."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि सुनेला हाक मारली. "चल गं, त्रेचाळिसावा घे."

परीक्षा विभागातल्याच एका वर्गात झाली. ताई पहिल्या बाकावर, एकटी. मॅडम समोर. कागद हातात पडला, शब्द आपल्याच लिपीत लिहिलेले होते, तरी ताईची पाचावर धारण बसली, पण पहिलाच शब्द इनर्ट निघाला आणि तिच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्र फडफडलं. मग पेन थांबलंच नाही. शब्दामागून शब्द येत होते आणि घरचं एकेक माणूस जणू दारातून आत येत होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ताईला वाटलं की आपण काहीतरी शिकलोय. वेळेच्या आधी दहा मिनिटं तिने पेपर दिला. घरी परतताना ती बसच्या खिडकीपाशी बसून चक्क गुणगुणत होती.

घरी दोघी वाटच बघत होत्या. ताईने चपला काढता काढता सांगायला सुरुवात केली. "सगळे आले, आई. एकही सोडला नाही. अर्थही लिहिले, उदाहरणंही लिहिली."

"इनर्टला काय लिहिलंस?" लेकीने विचारलं.

"मोठे दीर."

लेकीच्या हातातला चमचा खाली पडला. "आणि डेलिक्वेसंटला?"

"मोठ्या जाऊबाई."

"आई! उदाहरण म्हणजे पदार्थ लिहायचा होता! स्टोअरमधला पदार्थ! माणसं नव्हे!"

ताईने बोटांवर शब्द मोजायला घेतले. तिच्या लक्षात आलं की तीसही उदाहरणांत तिने आपलं गोत लिहून ठेवलंय. अर्थाचे सगळे गुण मिळाले तरी तीस. हवे होते छत्तीस. सहा आठवडे डोळ्यात तेल घालून अभ्यास केला, आणि सहा गुणांनी चादरींची खोली. नवऱ्याने पाण्याचा पेला आणला, या खेपेला मात्र लगेच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी बुडवलं तुला." आणि त्यांना इतकं अपराधी वाटत होतं की त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई निघाली तेव्हा सासूबाई पिशवी घेऊन दारात तयार होत्या. गुडघ्यांचं कारण सांगून पाहिलं, उन्हाचं कारण सांगून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. रिक्षातून उतरून, ताईला धरून विभागाचा जिना एकेक पायरी करत चढून त्या मॅडमच्या खोलीत शिरल्या आणि खुर्ची द्यायच्या आत म्हणाल्या, "चूक माझी आहे. माणसं मी घातली तिच्या डोक्यात. तिला चादरींत पाठवू नका."

मॅडमसमोर ताईचा पेपर होता. शेजारी पेनं एका रांगेत. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण गंभीर ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. "बसा," त्या म्हणाल्या. "तीस अर्थ, तीसही बरोबर. इतके नेमके अर्थ माझे विद्यार्थी लिहीत नाहीत. पण मला एक सांगा, हे मोठे दीर कोण?"

सासूबाईंनी सांगितलं. गिलाव्यापासून सगळं. मॅडमनी मध्येच रुमाल तोंडाला लावला.

"हे बघा," रुमाल खाली घेऊन त्या म्हणाल्या, "मोठ्या दिरांना मी गुण देऊ शकत नाही. तसा नियम नाही. पण नियमात एक ओळ आहे. उदाहरण लेखी किंवा प्रत्यक्ष. ताई, किल्ली आहे ना जवळ? चला. मी शब्द वाचते, तुम्ही पदार्थ समोर ठेवायचा."

सासूबाईंनी सुनेचं स्टोअर पहिल्यांदाच पाहिलं. दारातल्या लाकडी स्टुलावर त्या बसल्या आणि वरपासून खालपर्यंत बरण्या बघत राहिल्या. मॅडमनी दारालगतच्या टेबलापाशी उभं राहून पेपर उघडला.

"डेलिक्वेसंट."

ताईचा हात मांडणीकडे गेला तो न बघताच. रडकी टेबलावर आली. बावीस वर्षं जिचं झाकण रोज दोनदा घट्ट केलं, तिला शोधायचं काय?

"हीच का थोरली?" सासूबाईंनी विचारलं.

"हीच," मॅडम म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी घसा खाकरला.

व्हिस्कसला ग्लिसरीन आलं, बाटलीत सावकाश डुलत. अँफोटेरिकला झिंक ऑक्साइडची पांढरी पूड. सुपरनेटंटला ताईने चुन्याची बरणी उचलून आणली, तळाशी चुना आणि वर नितळ निवळी. "आमचे चुलत दीर," सासूबाई तिच्याकडे रोखून बघत म्हणाल्या. इनर्ट म्हटल्यावर ताई जागची हलली नाही. तिने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे आरगॉनचा उंच सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला उभा होता. "ते उचलून आणता येत नाहीत," ती म्हणाली. सासूबाई पोट धरून हसल्या. कॅटलिस्टला कुलूपबंद कपाटातून करंगळीएवढी कुपी निघाली, आत प्लॅटिनमच्या तारेचा एक तुकडा. सासूबाईंनी ती हातात मागून घेतली, उजेडात धरली, आणि मान जरा ताठ करून परत दिली.

"छत्तीस झाले," मॅडम म्हणाल्या. "पास. किल्ली तुमची. पण आता सगळे बघितल्याशिवाय मी इथून जात नाही."

ताईच्या जिवात जीव आला. तिचे डोळे भरून आले, आणि नाकझोंबीचं बूच तर बंद होतं. पुढचे शब्द तिने भराभर उरकले. टेबलावर बाटल्यांची रांग लागली, एका घरची माणसं फोटोला उभी राहावीत तशी. होता होता मॅडम शेवटच्या शब्दाशी आल्या.

"बफर," त्यांनी वाचलं. "अर्थ लिहिलाय, आम्ल टाका की अल्कली टाका, सगळं आपल्यात जिरवून मिश्रणाचा स्वभाव फारसा बदलू न देणारं द्रावण. उत्तम. आणि उदाहरण..." त्या थांबल्या. त्यांनी कागद जरा जवळ घेतला. "उदाहरणात तुम्ही लिहिलंय, मी."

सासूबाईंचं हसू ओसरलं. "हा शब्द आपण कधी केला?"

"केला होता, आई. शेवटच्या आठवड्यात."

"मग मी कोणाचं नाव घेतलं होतं?"

ताई टेबलावरची एक बाटली उगाचच पुसायला लागली. "तुम्ही म्हणालात, असं आपल्याकडे कोणी नाही. सोड, पुढचा घे."

मॅडम खिडकीकडे बघायला लागल्या, जरी त्या काचेतून काहीच दिसत नव्हतं. ताईने फडकं ठेवलं आणि बाटली काढायला खालच्या फळीकडे वाकायला लागली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "तू इथे बस."

"आई, तुमचे गुडघे..."

"कुठे असते ती, एवढं सांग."

"खालच्या फळीवर. डावीकडून तिसरी."

सासूबाई स्टुलावरून उठल्या. मांडणीच्या लोखंडाला धरून आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा. लेबल वाचता येत नव्हतं, म्हणून बोट लावून मोजलं, एक, दोन, तीन. बाटली दोन्ही हातांनी बाहेर काढली, पदराने पुसली, आणि तशाच धरत धरत उठून टेबलापाशी आल्या. जाऊ आणि नणंद यांना जरा बाजूला सरकवून त्यांनी ती रांगेच्या मधोमध ठेवली.